सोम्वुबूचं तिकीट

रेल्वे मेलेल्या माणसाला सवलत देत नाही. पोराला अर्धं तिकीट असतं, साहेबाच्या कुत्र्याला वेगळा दर असतो, पण मेलेल्याला पूर्ण भाडं. म्हणून देटे स्टेशनच्या तिकीटखिडकीपाशी दुमिसा गुमेडेनं आपला नोकरीचा पास खिशातच ठेवला आणि इगुसीपर्यंतचं एक तिकीट मागितलं.

"तू रेल्वेचाच ना? पास आहे की तुझ्याकडं," खिडकीतला गोरा बाबू म्हणाला.

"माझा आहे साहेब. हे बाबांसाठी."

"कुठाय बाप?"

"पुढं उतारावर असतात. त्यांनाच आणायला चाललोय."

"चालता येतं ना त्याला? परवा एका म्हातारीला डब्यात चढवता चढवता गाडीला उशीर झाला. मला ते लचांड नको."

"नाही साहेब, हलके आहेत," दुमिसा म्हणाला. यात खोटं काही नव्हतं. सोम्वुबू गुमेडेला मरून तीस वर्षं उलटून गेली होती.

तिकीट आधीच काढून ठेवायला कारण होतं. एकदा का फांदी हातात आली, की घरी पोचेपर्यंत जिवंत माणसाशी अवाक्षर बोलायचं नाही. बोलायचं ते फक्त मेलेल्याशी, आणि त्याच्याशी मात्र सारखं बोलायचं. बाबा, नदी आली. बाबा, आता गाडीत चढतोय, पाय सांभाळा. घरापासून दूर मेलेल्याला घरची वाट माहीत नसते, ती सांगत सांगत न्यावी लागते. मध्येच दुसऱ्या कुणाशी तोंड उघडलं, तर त्याला वाटतं, झालं, याला माझी गरज संपली, आणि तो उतरून आल्या वाटेनं निघून जातो. आपल्या माणसाला उम्फाफाच्या, म्हणजे रानबोरीच्या फांदीवर बसवून घरी आणायची ही रीत गोरे यायच्या आधी, न्डेबेले लोकांचे राजे होते तेव्हापासूनची. रेल्वे मागाहून आली. रीतीनं तिलाही सामावून घेतलं, आणि बापाला बसायला जागा हवी म्हणून तिकीट काढायचं ठरलं.

सोम्वुबूला आणायचा हा दुसरा प्रयत्न होता. पहिला केला होता त्याच्या धाकट्या भावानं, म्वेलीनं. म्वेली माणूस लाखमोलाचा, पण जिभेला हाड नाही. फांदी घेऊन बिचारा ग्वायी स्टेशनपर्यंत भावाखेरीज कुणाशी न बोलता आला. तिथं खिडकीशी उकडलेल्या शेंगा विकणारी बाई आली. म्वेलीनं शेंगा घेतल्या आणि सवयीनं म्हणाला, "एवढ्याशाच?" बस्स. पहिली शेंग दाताखाली आली तेव्हा त्याच्या लक्षात आलं. तरी चेहरा सरळ ठेवून तो घरी आला, पण वहिनीसमोर वाकताना खिशातनं टरफलं पडली. तिनं टरफलांकडं पाहिलं, मग त्याच्याकडं.

"दोन मुठी शेंगांना भाऊ विकलात, धाकटे बाबा," ती म्हणाली. मुलं म्वेलीला धाकटे बाबा म्हणत, म्हणून तीही म्हणे. पुढं सुगी संपेपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही. देवऋषीला विचारलं, भाऊ ग्वायीला उतरला असेल का? देवऋषी म्हणाला, "स्टेशनात कोण थांबतंय, साहेबांच्या बुटांची ठोकर खायला? गेला परत."

ही वहिनी म्हणजे दुमिसाची आई, माथेबे. तिचा संसार तीन उन्हाळ्यांचा. दुमिसा पाठीवर बांधलेला असताना नवरा रूळ टाकायला गेला, तो गेलाच. दुसरं घर करायला माणसं सांगून आली, तिनं नाही म्हटलं. नवऱ्याबद्दल ती बोलत मात्र नसे. नवऱ्याचं नाव बाईनं तोंडाला लावायचं नाही, त्या नावाच्या आसपासचा शब्दसुद्धा नाही. सोम्वुबूच्या नावात पाणघोडा होता, म्हणून ती पाणघोड्याला आयुष्यभर 'नदीतला थोरला' म्हणत आली. बाबा कसे हसायचे, कसे बोलायचे, असं लहानपणी दुमिसानं विचारलं की म्हणे, "काकाला विचार." आणि काका सांगे ते फक्त बाबा कसे मेले ते.

यंदा तिच्या पोटात गाठ आली. मिशनच्या दवाखान्यातली बाई आणि गावचा वैद्य यांचं आजवर कशात एकमत झालं नव्हतं, या गाठीबद्दल झालं. तेव्हा माथेबेनं लेकाला बोलावून घेतलं.

"मरायचं भय नाही रे मला," ती म्हणाली. "पण पलीकडं गेल्यावर दारात मला घ्यायला कोण उभं राहणार? तुझी आजी? ती जिवंतपणी मला दारात उभी करत नव्हती. त्यांना घेऊन ये. या खेपेला तू जा. तू पहिल्यापासून घुमा, तुला गप्प राहता येईल."

या घुम्या माणसाचं पोट चालत होतं ते मात्र हाक देण्यावर.

ग्वायीच्या गँगमध्ये दुमिसा हाकाऱ्या होता. रूळ काही एका माणसाला उचलत नाही. वीस हातांना एकाच क्षणी जोर लावावा लागतो, आणि तो क्षण हाकाऱ्या सांगतो. तो गातो, गँग उचलते. त्याच्या हातात पहार नसते. बाकीचे वाकलेले असतात तेव्हा तो एकटा ताठ उभा असतो आणि त्याची नजर रुळाच्या दोन्ही टोकांना असते. गाडी, सुटलेला डबा, हत्ती, काहीही दिसलं की तो गाणं तोडून दुसरी हाक देतो. ती हाक ऐकली की हातातलं टाकायचं आणि रुळाबाहेर उडी घ्यायची. मागं बघायचं नाही. दुमिसाला ही हाक म्हाताऱ्या मुबितानं शिकवली होती. तीन आखूड, मग एक लांब, आणि त्या लांब हाकेच्या शेवटी आवाज फुटला पाहिजे, सुकलेली फांदी मोडावी तसा. दुमिसाचा गळा चांगला होता, त्याचा आवाज फुटायचाच नाही. मुबितानं त्यासाठी त्याला पहारीच्या दांड्यानं मारलं होतं.

"शेवटी का फोडायचा आवाज?" दुमिसानं एकदा विचारलं होतं.

"मला शिकवणाऱ्यानं फोडला, त्याला शिकवणाऱ्यानं फोडला. तू कोण शहाणा लागून गेलास?" मुबिता म्हणाला. या सबंध लाइनवर, बुलावायोपासून मोठ्या धबधब्यापर्यंत, हाकारे तो आवाज असाच फोडत.

सोम्वुबूही हाकाऱ्या होता. लाइन नवीन पडत होती तेव्हा कंत्राटदाराच्या एका मुकादम साहेबाच्या डोळ्यांवर ते आलं. स्वतः खुर्चीत बसून उंटावरून शेळ्या हाकणारा माणूस तो, पण त्याला नुसतं गाणारा माणूस आळशी वाटला. त्यानं गाणं बंद केलं आणि सोम्वुबूच्या हातात पहार दिली. सगळे वाकले. चढावर स्लीपरांनी भरलेला एक डबा उभा होता, तो सुटला. तो येतोय हे बघायला ताठ उभं कुणीच नव्हतं. म्वेली तेव्हा पाणी वाहायचा. तो घागर घेऊन दूर होता, तिथून त्यानं पाहिलं. मेलेल्यांना गोरखचिंचेखाली एकाच खड्ड्यात घातलं आणि दुसऱ्या दिवशी काम पुढं सुरू झालं. हाकाऱ्या तेवढा गँगला परत मिळाला.

दुमिसा ज्या नोकरीवर जगत होता, ती त्याच्या बापाच्या मरणानं परत आणली होती.

पहाटे निघून तो देटेच्या पुढं उतारावर चालत गेला. गोरखचिंच होती. तिच्या सावलीत काहीच नव्हतं, दगडसुद्धा नाही. त्यानं तपकीर टाकली, ज्वारीच्या दारूचा घोट जमिनीला दिला आणि जवळच्या रानबोरीची फांदी तोडली. या झाडाला काटे जोडीनं येतात, एक सरळ आणि एक मागं वळलेला. त्यानं ती फांदी जमिनीला टेकवली.

"बाबा, मी दुमिसा. पाठीवर होतो तो. चला, घरी जाऊ."

आपण आयुष्यात पहिल्यांदाच बापाशी बोलतोय हे त्याच्या ध्यानात आलं, आणि काय बोलावं ते त्याला कळेना. मग त्याला जे ठाऊक होतं ते तो बोलायला लागला. त्याला लाइन ठाऊक होती.

"बाबा, हे रूळ तुमचे नाहीत, तुमचे हलके होते. हे जड घातलेत. स्लीपर तुमच्या वेळचे काही आहेत अजून, गुसूच्या रानातल्या लाकडाचे, वाळवी लागत नाही त्यांना. तुम्ही गेलात त्यानंतर लाइन धबधब्यापर्यंत गेली. तिथं पूल झाला. पलीकडं तांब्याच्या खाणींपर्यंत गेली. साहेब लोक म्हणत होते, पार उत्तरेच्या समुद्राला नेऊन भिडवू. नाही भिडवली. आता कोळसा वाहतात. आपली पोरं वाहतात, दक्षिणेच्या सोन्याच्या खाणींकडं. पोरं जातात भरून, येतात तेव्हा खोकत येतात. ज्यांनी रूळ टाकले ते मात्र जिथल्या तिथं. तुम्ही कधी बसला नाहीत ना गाडीत? आज बसायचंय. तिकीट काढलंय मी."

असं बोलत बोलत तो देटेला आला. वाटेत दोघातिघांनी त्याला हटकलं, पण हातातली फांदी पाहून टोप्या काढल्या आणि बाजूला झाले.

काळ्यांचा डबा इंजिनाला लागून होता, म्हणजे सगळा धूर आणि कोळशाची कणी त्यांच्या वाट्याला. डबा गच्च भरलेला. दुमिसानं फांदी खिडकीशी ठेवली, तिच्या बाजूला आपण बसला. समोर दोन कोंबड्या मांडीवर घेतलेली एक बाई होती. तिनं फांदीकडं पाहून पदरासारखं ओढून घेतलेलं घोंगडं सारखं केलं आणि हलकेच म्हणाली, "या बाबा." मग पायाशी ठेवलेलं बोचकं तिनं स्वतःकडं ओढलं, सोम्वुबूच्या पायांना जागा व्हावी म्हणून.

तिकीट तपासायला आलेला गोरा पोरगा नवखा होता.

"ए, ही काटेरी फांदी उचल. माणसं उभी आहेत, दिसत नाही?"

दुमिसा गप्प. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. त्यानं फांदीकडं तोंड वळवलं. "बाबा, साहेब तिकीट बघायला आलेत. तुमचं दाखवतो हं." आणि पास व तिकीट दोन्ही पुढं केलं.

"हे दुसरं कुणाचं?"

"त्याच्या बापाचं, साहेब," कोंबड्यावाली म्हणाली. "तो काय, बसलाय खिडकीशी. डोळे आहेत की कोळशाची कणी गेली?"

डबाभर हसू पिकलं. पोरगा कानापर्यंत लाल झाला. त्यानं फांदीकडं पाहिलं, तिकिटाकडं पाहिलं. तिकीट तर खरं होतं. त्यानं ते चिमट्यानं टोचलं आणि पुढं गेला. दुमिसानं टोचलेलं तिकीट फांदीच्या दोन काट्यांमध्ये खोचून ठेवलं.

देटे सुटलं की लाइन सुतात ओढल्यासारखी सरळ जाते, अर्धा दिवस वळण म्हणून नाही. दोन्ही बाजूंना वाळू आणि गुसूचं रान. दुमिसा सांगत होता आणि डबा ऐकत होता. इथं एका पावसाळ्यात हत्तींनी पाण्याची टाकी पाडली. इथं मी पहिल्यांदा हाक दिली, बाबा. सांगता सांगता त्याला बरं वाटायला लागलं. जन्मात कुणाशी एवढं बोलला नव्हता तो. घरी पोचल्यावर हे संपणार याचं त्याला वाईटसुद्धा वाटलं.

न्गामोला गाडी बाजूच्या रुळावर घेतली. समोरनं कोळशाच्या रिकाम्या डब्यांची गाडी यायची होती, तिला मधल्या रुळानं वाट द्यायची होती. इंजिन तुंबलेली वाफ सोडायला लागलं आणि त्या फुसफुसाटात बाकी काही ऐकू येईना.

मधल्या रुळावर, दुमिसाच्या खिडकीपासून थोडं पुढं, एक गँग काम करत होती. उत्तरेकडच्या न्यासा मुलखातली माणसं, अंगावरच्या गोणपाटावरनं कळत होतं. त्यांचा एक सांधा अडकला होता. त्यांचा हाकाऱ्या कुठं आहे म्हणून दुमिसानं सवयीनं पाहिलं. हाकाऱ्याही वाकला होता. सांधा निघेना म्हणून त्यानंही पहार धरली होती. मुकादम झोपडीच्या सावलीत बसला होता.

दुमिसानं लाइनच्या टोकाला पाहिलं. तिथं काळा ठिपका होता आणि ठिपक्यावर धूर. सरळ लाइनीवर हाच घात असतो. ठिपका कितीतरी वेळ ठिपकाच राहतो, माणसाला वाटतं अजून लांब आहे, आणि मग तो एकदम गाडी होतो.

"बाबा," तो म्हणाला, "त्यांचं लक्ष नाही."

गाडीनं शिटी दिली असेल. वाफेच्या आवाजात ती इकडं पोचली नाही. दुमिसानं डब्यात पाहिलं. कोंबड्यावाली पेंगत होती. दाराशी उभी असलेली माणसं दुसऱ्या अंगाला तोंड करून बिड्या ओढत होती. त्यानं कोंबड्यावालीचा पाय हलवला, खिडकीकडं बोट केलं. ती दचकून म्हणाली, "काय रे? ग्वायी आलं?"

"बाबा, ते वाकलेत सगळे. बाबा, बघा ना!"

आता दोनेक महिन्यांचीच सोबतीण उरलेली आई त्याच्या डोळ्यांसमोर आली. दारात कोण उभं राहणार, ती म्हणाली होती. तोंड मिटून ठेवायला त्यानं दात ओठांत रुतवले, रक्ताची चव आली. ठिपका आता ठिपका राहिला नव्हता.

दुमिसा उठला, खिडकीतनं छातीपर्यंत बाहेर आला आणि त्यानं हाक दिली. तीन आखूड, एक लांब, शेवटी फुटलेली.

इंजिनाच्या आवाजाला गँगवाल्याचे कान सरावतात, त्या हाकेला सरावत नाहीत. पहारी खाली पडल्या आणि माणसं वाळूत फेकली गेल्यासारखी दोन्ही बाजूंना गेली. कुणी मागं पाहिलं नाही. गाडी धडधडत आली, पडलेली एक पहार तिनं उडवून दिली, आणि रिकामे डबे खडखडत निघून गेले. शेवटचा डबा गेल्यावर पलीकडनं गँगवाले एक एक उठले आणि अंगावरची वाळू झटकायला लागले. त्यांच्या हाकाऱ्यानं गाडीकडं बघून दोन्ही हात जोडून टाळी वाजवली, त्यांच्याकडं आभार मानतात तशी. दुमिसाला ती हाक केवढ्याला पडली होती हे त्या हाकाऱ्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं.

दुमिसा आत वळला. फांदी जागेवरून घसरून खाली पडली होती.

"बोललास रे पोरा," कोंबड्यावाली म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

बराच वेळ उभा असलेला एक खाणवाला म्हणाला, "मग आता ती जागा रिकामीच ना?"

"बस तिथं, बस!" कोंबड्यावाली कडाडली. "बसून तर दाखव, या दोन्ही कोंबड्या सोडते तुझ्या तोंडावर."

कुणी बसलं नाही. दुमिसानं फांदी उचलली, पुसली आणि खिडकीशी ठेवली. तिकीट काट्यात तसंच होतं. गाडी सुटली. त्यानं हाक दिली याचा त्याला पश्चात्ताप नव्हता, पुन्हा दिली असती. पण आईला आपण बुडवलं, हे त्याच्या काळजात खिळ्यासारखं बसलं. कितीतरी वेळानं तो फांदीला म्हणाला, "बाबा, असाल तर... ग्वायी आलंय." खिडकीशी शेंगावाली आली होती. त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही.

इगुसीला म्वेली गाढवांची गाडी घेऊन उभा होता. त्यानं आधी फांदीला "या दादा" म्हटलं, मग पुतण्याचा चेहरा पाहिला. कोंबड्यावाली तिथंच उतरली होती. तिनं सगळं त्याच्या कानावर घातलं आणि आपल्या वाटेनं गेली.

गाडी वाळूतनं चालली. म्वेली बराच वेळ गाढवांना शिव्या देत राहिला. मग म्हणाला, "वहिनीला सांगू नकोस. ऐक माझं. मी तरी कुठं खरं बोललो होतो? शेंगा बोलल्या. तुझ्या खिशात काय आहे? काही नाही. ती बाई परक्या गावची, कुठं बोलू नको म्हणून तिला मी निरोप धाडतो. अरे, वहिनी किती दिवसांची आहे आता? जाऊ दे तिला सुखानं. तिकडं गेल्यावर दारात कुणी नसेल, तर मी येतोच आहे मागनं, मी खाईन तिच्या शिव्या."

घर अजून यायचं होतं, दुमिसाला तोंड उघडायचं नव्हतं. काकाचं म्हणणं वाईट नव्हतं. प्रेमापोटीच होतं. तो फांदी धरून बसला आणि गाढवांच्या कानांकडं बघत राहिला.

अंगणात माणसं जमली होती. दारूचे रांजण फुगून आले होते, बकरा बांधलेला होता. गुरांच्या वाड्याच्या फाटकाशी, जिथनं घरातला पुरुष आत येतो तिथं, माथेबे काठीला टेकून उभी होती. बसायला सांगितलं तरी बसली नव्हती. ती लेकाकडं बघत नव्हती. त्याच्या हातातल्या फांदीकडं बघत होती, आणि तिच्या तोंडावर जे होतं ते दुमिसानं कधी पाहिलं नव्हतं. नव्या नवरीसारखी भ्यायली होती म्हातारी.

दुमिसा फाटकाशी थांबला. घर आलं होतं, आता जिवंत माणसाशी बोलायला मुभा होती. या तोंडाला खोटं सांगणं त्याला जमणारं नव्हतं.

"माय," तो म्हणाला, "मी बोललो."

म्वेलीनं कपाळाला हात लावला. माथेबेची मूठ काठीवर आवळली.

"कुणाशी?"

"न्गामोला. गँग रुळावर वाकली होती. समोरनं गाडी येत होती. त्यांचा हाकाऱ्यासुद्धा वाकला होता, माय. बघणारं कुणी नव्हतं."

"काय बोललास?"

"शब्द नाही. हाक दिली. रुळावरची."

"दे."

"माय, ती हाक घरी देत नाहीत. अशुभ असतं."

"दे म्हणते ना!"

त्यानं फांदी छातीशी धरली आणि हाक दिली. तीन आखूड, एक लांब. शेवटी आवाज फुटला.

म्वेलीच्या हातातला गाढवांचा दोर गळून पडला. "ए," तो म्हणाला, "ए, हे काय..."

माथेबे फाटकाच्या खांबाला धरून हळूहळू खाली बसली. बायका धावल्या, तिनं त्यांना हातानं मागं सारलं.

"तुला कुणी शिकवली?"

"मुबितानं. त्याला आणखी कुणी. लाइनीवर सगळे अशीच देतात. शेवटी फोडायचा असतो आवाज, तशी रीतच आहे."

"रीत नाही ती," माथेबे म्हणाली. तीस वर्षांत जे ती बोलली नव्हती ते बोलताना तिचा श्वास पुरत नव्हता. "लहानपणी बैलाचं शिंग लागलं होतं त्यांना, इथं, गळ्याला. लांब ओरडलं की शेवटी आवाज चिरायचा. लाजायचे. संध्याकाळी नदीवरनं बैल बोलवायचे ना, तीनदा तोडून, एकदा ओढून, आणि मग तो आवाज चिरायचा. मी इथं चुलीशी हसायची. इथंच."

दुमिसाला मुबिताचा दांडा आठवला, आणि आपण किती दिवस तो आवाज फोडायला शिकत होतो ते आठवलं. त्या खड्ड्याच्या काठी वाचलेल्या कुणीतरी ती हाक उचलली होती, गळ्याच्या व्रणासकट, आणि पुढच्याला दिली होती. लाइनभर तेवढी एकच गोष्ट बापाची उरली होती, आणि ती त्याच्याच तोंडात होती.

"धाकटे बाबा," माथेबेनं दिराला विचारलं, "आवाज कुणाचा होता?"

म्वेली रडत होता. "दादाचा," तो म्हणाला.

"मग?" ती लेकाकडं वळली, आणि तिच्या आवाजात नेहमीची धार परत आली. "तू कुठं बोललास? बोलले ते. त्यांची माणसं वाकली होती, ते गप्प बसतील? तू आपला घुमा तो घुमाच. चल, आण त्यांना आत. किती वेळ फाटकात उभं करून ठेवशील?"

ती काठी रोवून उठली आणि फाटकातनं बाजूला झाली. दुमिसा आत आला. फांदी तिच्यासमोर आली तसं तिनं मान खाली घातली. काट्यांत खोचलेलं टोचलेलं तिकीट तिला दिसलं.

"बसून आलात ना?" तिनं हळूच विचारलं.

फांदी काही बोलली नाही, म्हणून दुमिसानंच सांगितलं. "हो माय. खिडकीशी."